शेतकऱ्यांच्या मुली आणि यंत्रविद्येचें शिक्षण

आपल्या संघाच्या या मासिकांत बियाणें, खतें, रोगकिडी, पाटपाणी आणि बाजारभाव यांवर जाणत्या मंडळींचे लेख नेहमीं येत असतात, व ते मी आजवर आवडीनें वाचीत आलों आहें. आज मीं जो विषय हातीं घेतला आहे, तो प्रथमदर्शनीं या मासिकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. शेतकऱ्यानें आपल्या मुलीस शास्त्र व यंत्रविद्या शिकवावी कीं नाहीं, हा प्रश्न शाळामास्तरांचा आहे, शेतकऱ्याचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न शाळेंत सुटत नाहीं. तो आपल्या ओसरीवर सुटतो, आणि सोडविणारा तुमच्यामाझ्यासारखा बापच असतो. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

प्रस्तुत लेखक विद्वान नाहीं. मराठी शाळेंत सातवीपर्यंत शिकून मी महसूल खात्यांत शिपाई म्हणून लागलों, पुढें कारकून झालों, आणि गेल्या वर्षीं वयाचीं ५८ वर्षें पुरीं होऊन सेवानिवृत्त झालों. घरची थोडी शेती आहे, ती आतां मुलगा पाहतो. शास्त्रांतील खोल गोष्टी मला कळत नाहींत. परंतु तहसील कचेरीच्या खिडकीमागें बसून लोकांचे दाखले लिहितां लिहितां जें डोळ्यांनीं पाहिलें, तें सांगण्यास पदवी लागत नाहीं.

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला यांसाठीं कचेरींत झुंबड उडते. आतां अर्ज सेतू केंद्रांतून जातात खरे, तरी अडलेलें प्रकरण शेवटीं कारकुनाच्या टेबलावरच येतें. या गर्दींत मला वर्षानुवर्षें एक गोष्ट दिसत आली. मुलाचा दाखला असला म्हणजे बाप स्वतः येई, निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं येई, आणि सोबत सर्व कागद नीट लावलेले असत. मुलीचा दाखला असला म्हणजे बहुधा आई येई, किंवा मुलगी एखाद्या शिक्षकास घेऊन येई, आणि तेंही मुदतीच्या शेवटच्या दिवशीं. सातबाऱ्याचा उतारा असला तर तलाठ्याचा अहवाल नसे. अहवाल असला तर बापाची सही नसे. मुलींचे बाप वाईट होते असें माझें म्हणणें नाहीं. त्यांनीं मुलीच्या शिक्षणास कधीं ‘नाहीं’ म्हटलें नव्हतें. त्यांनीं फक्त उशीर केला होता. आणि ज्या शिक्षणाचा प्रवेश तारखेवर ठरतो, तेथें उशीर आणि नकार यांत कांहीं अंतर उरत नाहीं.

दुसऱ्यांच्या या चुका लिहितांना माझी स्वतःची चूक झांकून ठेवणें बरें नव्हे. मला तीन अपत्यें. थोरली मुलगी, मधला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरली गणितांत शाळेंत पहिली होती. कांद्याच्या पट्टीचा हिशेब मी कागदावर मांडीपर्यंत ती तोंडीं सांगून मोकळी होई. दहावी झाल्यावर शास्त्र शाखेचें महाविद्यालय तालुक्याच्या गांवीं, म्हणजे २२ किलोमीटरांवर होतें. कला शाखेचें जवळ होतें. एस. टी. पहाटे निघे, संध्याकाळीं परत येण्यास दिवेलागण होई. मीं फारसा विचार न करतां तिला कला शाखेंत घातलें. वर्षभरानें मुलगा दहावी झाला. त्याचे गुण तिच्याहून पुष्कळ कमी होते. तरीही त्याला त्याच २२ किलोमीटरांवरच्या महाविद्यालयांत, त्याच एस. टी.नें, वर खासगी शिकवणीचे पैसे भरून मीं पाठविलें. बारावीस तो शास्त्रांत नापास झाला व शेतीकडे वळला. शेती तो उत्तम करतो, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. तक्रार माझी माझ्याविषयीं आहे. ज्याच्यांत गोडी नव्हती त्याच्यावर मीं खर्च केला, आणि जिच्यांत गोडी होती तिच्यासाठीं मला रस्ता लांब वाटला.

थोरलीनें कधीं शब्दानें बोलून दाखविलें नाहीं. सासरीं ती दुकानाचे हिशेब चोख ठेवते आणि सुखांत आहे. परंतु धाकटीची दहावी झाली त्या सुमारास ती माहेरीं आली होती. जातांना दारांत उभी राहून मला म्हणाली, “अण्णा, हिचा दाखला तरी वेळेवर काढा.” वाचकहो, जो मनुष्य सबंध तालुक्याचे दाखले लिहीत होता, त्याला पोटच्या मुलीनें हें सांगावें लागलें. त्या एका वाक्यामुळें धाकटी शास्त्र शाखेंत गेली, आणि त्याच वाक्यामुळें आज हा लेख मी लिहीत आहें.

आतां शेतीचा याशीं संबंध काय, तें पाहूं. आपल्या शेतींतील कामें कोण करतें, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या घरापुरता मांडावा. भाताची लावणी, कांद्याची लागण, खुरपणी, कापसाची वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणें व फोडणें, बी निवडणें आणि राखून ठेवणें, गुरांचें शेणपाणी, हीं बहुतेक कामें बायकांच्या हातचीं आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणें म्हणून गांव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंडही न पाहतां गांवरान बियाण्यांचा संग्रह केला व बीजपेढी उभी केली. त्यासाठीं सरकारनें त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर केली. बियाण्याची पारख बायकांस नाहीं, असें आपल्यांत कोणीही म्हणणार नाहीं. मग त्याच पारखीला सूक्ष्मदर्शकाची व प्रयोगशाळेची जोड देण्याची वेळ आली म्हणजे तें पुरुषांचें काम कां ठरावें?

अवजारांचेंही तसेंच आहे. कोळपें, फवारणीचा पाठीवरील पंप, मळणीयंत्राची उंची, हीं सर्व पुरुषाच्या उंचीच्या व बळाच्या मापानें बनत आलीं. खुरपणी करणारी बाई दिवसभर उकिडवी बसते, आणि चाळिशीच्या आंत तिचे गुडघे व कंबर धरतात. हें आपण इतकें नित्य पाहतों कीं तें आपल्या लक्षांतही येत नाहीं. बायकांच्या शरीरमानाचा विचार करून अवजारें तयार करण्याचें काम भुवनेश्वर येथील शेतकरी महिलांसाठीं १९९६ सालीं निघालेल्या केंद्रीय संस्थेंत आणि भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेंत चालतें. परंतु जिनें स्वतः उन्हांत खुरपें धरलें आहे, अशी मुलगी आराखड्याच्या टेबलावर बसली, तर अवजाराची मूठ कोठें असावी हें तिला दुसऱ्यानें सांगावें लागणार नाहीं. भाड्यानें आणलेल्या अकलेपेक्षां घरची अक्कल नेहमींच स्वस्त व टिकाऊ असते.

एक उदाहरण घरचें देतों. धाकटी पुढें कृषि अभियांत्रिकीची पदवीधर झाली व आज ठिबकसंचाचें साहित्य बनविणाऱ्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. एका दिवाळींत ती घरीं आली असतां आमचे शेजारी साडेसात अश्वशक्तीचा पंप घेण्याच्या विचारांत होते. दुकानदारानें तसें सांगितलें होतें. धाकटीनें विहिरींतील पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची मोजली, नळांतील घर्षणाची भर घातली, आणि एकूण चढ ३० मीटर धरला. त्यांस पाणी सेकंदास ५ लिटर पुरें होतें. तिनें कागदावर हिशेब करून दाखविला, तो असा. एवढें पाणी तितकें वर चढविण्यास निव्वळ दीड किलोवॅट शक्ति लागते. पंप व मोटर मिळून निम्मी शक्ति वायां जाते असें धरलें तरी ३ किलोवॅट, म्हणजे सुमारें ४ अश्वशक्ति. तेव्हां ५ अश्वशक्तीचा पंप पुरेसा आहे. अधिक मोठा घेणें म्हणजे पैसे विहिरींत टाकणें. शेजाऱ्यांनीं पांचाचाच घेतला व तो आजतागायत चालू आहे. या हिशेबास कांहीं जादू लागत नाहीं, फक्त अकरावी-बारावीचें पदार्थविज्ञान व त्यापुढील थोडें शिक्षण लागतें. परंतु तें जाणणारें मनुष्य आपल्या गांवांत किती घरीं आहे?

शेती दिवसेंदिवस हिशेबाची होत आहे. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळूं लागली; तींत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांपासून जस्त, लोह, बोरॉनपर्यंत १२ बाबी दिलेल्या असतात. ती पत्रिका आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं भिंतीवरील खुंटीला टांगलेली आहे, कारण ती वाचून खताची मात्रा ठरविणारें कोणी घरांत नाहीं. पंप सूर्याच्या उन्हावर चालूं लागले; खत ठिबकांतून जाऊं लागलें; फवारणीस ड्रोन आले. ड्रोन महिलांच्या बचतगटांस देण्याची योजना केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजूर केली. चांगलेंच झालें. परंतु मला असें वाटतें कीं, आपल्या मुलीनें ड्रोन उडवावा एवढ्यावर आपण संतोष मानूं नये. तो बिघडल्यास उघडून दुरुस्त करणारी, आणि पुढें तसा नवा बनविणारी मुलगीही आपल्याच घरांतून निघावी.

मुलीच्या जातीस हें झेपेल काय, अशी शंका ज्यांस असेल त्यांस तीन बायकांचीं चरित्रें थोडक्यांत सांगतों. तिघींचाही आपल्या शेताशीं अथवा शेतावर येणाऱ्या विजेशीं संबंध आहे.

पहिल्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबईस पदवी घेऊन १९३३ सालीं त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत गेल्या. त्या वेळीं तेथें सर चंद्रशेखर वेंकट रामन हे प्रमुख होते. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या थोर पुरुषानें केवळ ही स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला. बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. तेव्हां एक वर्ष काम पाहून मग ठरवूं, या अटीवर त्यांस घेण्यांत आलें. त्यांचें काम पाहिल्यावर त्या संस्थेचें दार पुढें इतर मुलींसही उघडलें. कमलाबाईंनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, आणि ती कशावर, तर बटाट्यावरील संशोधनानें. पुढें त्यांनीं कडधान्यांतील प्रथिनें व नीरा यांचा अभ्यास केला, व मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. बटाटा, कडधान्य आणि नीरा, यांत शेतकऱ्यास परकें असें काय आहे?

दुसऱ्या डॉ. जानकी अम्माळ. यांचा जन्म १८९७ सालीं केरळांतील तलश्शेरी येथें झाला. आपण जो ‘को ८६०३२’ ऊंस लावतों, त्यांतील ‘को’ हें अक्षर कोइमतूर येथील ऊंस पैदास केंद्राचें आहे. त्या केंद्रांत १९३४ नंतर कांहीं वर्षें जानकी अम्माळ यांनीं उंसाचा त्याच्या कुळांतील इतर गवतवर्गीय वनस्पतींशीं संकर करण्याचे प्रयोग केले. पुढें लागवडींतील वनस्पतींच्या गुणसूत्रांवरील एक मोठा ग्रंथ त्यांनीं डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाच्या जोडीनें लिहिला. तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या पिकावर आपले साखर कारखाने उभे आहेत, त्या पिकाच्या कुळाचा शोध घेणाऱ्यांत एक अविवाहित, एकटी राहणारी स्त्री होती, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

तिसऱ्या ए. ललिता. यांचें चरित्र बापांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. त्यांचा जन्म १९१९ सालीं मद्रासेस झाला. पंधराव्या वर्षीं लग्न झालें, अठराव्या वर्षीं वैधव्य आलें, आणि पदरांत चार महिन्यांची मुलगी होती. त्या काळीं अशा मुलीनें कोपऱ्यांत बसावें हीच रीत होती. परंतु त्यांचे वडील गिंडीच्या एंजिनिअरिंग कॉलेजांत प्राध्यापक होते. त्यांनीं खटपट करून मुलीस त्याच कॉलेजांत विद्युत् अभियांत्रिकीच्या वर्गांत प्रवेश मिळवून दिला. १९४३ सालीं ललिताबाई अभियंता झाल्या. पुढें कलकत्त्याच्या एका कंपनींत वीजवाहक तारांच्या व उपकेंद्रांच्या आराखड्यांचें काम त्यांनीं केलें, आणि भाक्रा-नांगल धरणाच्या वीजकामांतही त्यांचा हात होता. मुलगी हुशार होती हें खरें. पण बापानें दार उघडलें नसतें तर त्या हुशारीचा उपयोग काय झाला असता? आणि हीं उदाहरणें जुनीं झालीं असें कोणास वाटत असेल, तर २०१९ सालच्या चांद्रयान-२ या मोहिमेच्या प्रकल्प-संचालक मुथय्या वनिता व मोहीम-संचालक ऋतु करिधाल या दोघी स्त्रियाच होत्या, एवढें सांगणें पुरे आहे.

आतां आक्षेपांकडे वळतों. पारावर व संघाच्या बैठकींत ते मीं पुष्कळदां ऐकले आहेत, व एके काळीं स्वतःही काढले आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, मुलगी परक्याचें धन. तिच्या शिक्षणाचा खर्च आपण करावा आणि पीक दुसऱ्यानें न्यावें. यावर माझें उत्तर मी फेरफाराच्या नोंदवहींतून देतों. २४ एकरांचा धनी मेला म्हणजे तीन मुलांस आठ-आठ एकर येतात. त्यांच्या प्रत्येकाच्या दोन मुलांस चार-चार. आणि पुढच्या पिढींत बांधांवरून भांडणें. वांटली म्हणजे जमीन कमी होते, विद्या मात्र होत नाहीं. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सबंध देशांत २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. प्रत्यक्षांत काय होतें? वारसनोंदींत मुलींचीं नांवें लागतात, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र येऊन तीं कमी होतात. अशा किती नोंदी माझ्या टेबलावरून गेल्या, त्याची गणना नाहीं. बहिणी मुकाट्यानें सही करतात, डोळे पुसतात आणि एस. टी.नें परत जातात. शिक्षण दिलें म्हणजे तिच्या वांट्याची फेड झाली असें मी म्हणत नाहीं; तो हक्क तिचा आहे व तो ठेवावा कीं सोडावा हें तिनेंच ठरवावें. परंतु जो बाप किंवा भाऊ तिच्या सहीची वाट पाहत असतो, त्यानें आपल्या मनाला एवढें विचारावें कीं, आजवर आपण तिला दिलें काय? परक्याचें धन म्हणतांना तिच्याकडून घेतलेल्या धनाचा हिशेब आपण विसरतों.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, कारण शेतकऱ्याच्या हातीं रोकड नसते. परंतु सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजे चढवितांना मीं सहज विचारीत असें, “कर्ज कशासाठीं?” विहीर, बैल, ट्रॅक्टर यांच्या बरोबरीनें एक उत्तर वारंवार येई, तें म्हणजे मुलीचें लग्न. हुंडा १९६१ च्या कायद्यानें बंद आहे, तरी मांडव, मानपान, वाजंत्री व दागिने यांच्या नांवें तो चालूच आहे. एका दिवसाच्या मांडवासाठीं जी जमीन गहाण पडते, तिच्या अर्ध्या कर्जांत चार वर्षांचें वसतिगृह होतें. आणि शिक्षणाची फी तर आतां पुष्कळ अंशीं उतरली आहे. राज्य सरकारनें २०२४ च्या जुलै महिन्यांत निर्णय करून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या वर्गांतील ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्यांत कृषि अभ्यासक्रमही येतात. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरींतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही माफी लागत नाहीं. उरतो तो खोलीचा, खानावळीचा व प्रवासाचा खर्च. अल्पभूधारकांच्या मुलांमुलींस त्यासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पण या सर्वांस कागद वेळेवर लागतात, आणि कागदाचें काम बापाचें आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, फार शिकलेल्या मुलीस जोगता नवरा मिळत नाहीं, आणि ती शेतकऱ्याच्या घरीं नांदत नाहीं. यांत कांहीं तथ्य आहे, तें मी नाकारीत नाहीं. परंतु न शिकलेल्या किंवा कला शाखेंत कशीबशी पदवी घेतलेल्या मुलीही आज शेतकऱ्याच्या घरीं जाण्यास कोठें तयार आहेत? मुली पळतात त्या शेतीपासून नव्हे. घाम गाळूनही हातीं कांहीं न उरणाऱ्या शेतीपासून त्या पळतात. शेतींत यंत्र आलें, हिशेब आला आणि त्यांत तिच्या बुद्धीला मान मिळाला, तर याच मुली शेतीजवळ थांबतील. कांहीं शहरांत जातील हें खरें. मुलगे जात नाहींत काय?

चौथा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो आईबापांच्या काळजीचा असल्यामुळें त्यास हंसण्यावारी नेतां येत नाहीं. यावर उपाय मुलीस घरीं बसविणें हा नव्हे. बापानें एक दिवस काढून स्वतः महाविद्यालय पाहून यावें, वसतिगृहाच्या बाईंस भेटावें, एस. टी. केव्हां सुटते, दिवे कोठें आहेत, पाणी कसें आहे, हें विचारावें. बैल घेतांना आपण चार बाजार हिंडतों आणि त्याचे दांत मोजतों. मुलीच्या वसतिगृहासाठीं एक दिवस काढणें जड होऊं नये.

इतकें बोलल्यावर सावधगिरीचाही एक शब्द सांगितला पाहिजे. पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. केवळ फी माफ आहे म्हणून वाटेल त्या महाविद्यालयांत नांव घालणें शहाणपणाचें नाहीं. जेथें कार्यशाळेस कुलूप व प्रयोगशाळेंत धूळ असेल, तेथून पदवी घेऊन निघालेले मुलगेही रिकामे हिंडतांना आपण पाहतों. तसेंच, प्रत्येक मुलीनें यंत्रविद्याच शिकावी असाही माझा आग्रह नाहीं. जिला भाषेची, चित्रकलेची किंवा शिवणकामाची गोडी आहे तिनें तें करावें. माझें सांगणें एवढेंच आहे कीं, जिला गोडी आहे तिला आपण अंतराच्या, रीतीच्या किंवा आळसाच्या नांवाखालीं अडवूं नये, आणि मुलास जी संधि न मागतां मिळते ती मुलीस मागावी लागूं नये.

आतां प्रत्यक्ष काय करावें, हें अनुभवावरून सांगतों. आठवी-नववीपासून मुलीच्या गणिताकडे लक्ष द्यावें, आणि ‘पोरीला गणित येऊन काय करायचें’ हें वाक्य घरांत उच्चारूं नये. तें एकदां ऐकलें कीं मुली त्यावर विश्वास ठेवूं लागतात. घरची मोटर किंवा ठिबकची गाळणी उघडली म्हणजे मुलाबरोबर मुलीसही जवळ बोलावावें व पाना तिच्याही हातीं द्यावा. अकरावीस शास्त्र शाखा घेतांना गणित सोडूं देऊं नये. कारण कृषि पदवीस जीवशास्त्रावर प्रवेश मिळतो, परंतु अभियांत्रिकीचें दार गणितावांचून उघडत नाहीं. बारावीपर्यंत थांबावयाचें नसेल तर दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे, आणि तीवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषि विद्यापीठांत कृषि अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें आहेत. आणि उत्पन्नाचा, अधिवासाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहतां उन्हाळ्यांतच मार्गी लावावा. जुन्या कारकुनाचा हा सल्ला फुकट आहे, पण ज्यानें मानला त्याची जुलैंतील धांवपळ वांचली आहे.

आपल्या संघासही माझी एक सूचना आहे. दरसाल आपण शेतकरी मंडळींची सहल विद्यापीठाच्या शिवारफेरीस नेतों. त्या गाडींत पुढील वर्षापासून नववी-दहावीच्या काहीं मुलींस, त्यांच्या आयांसह, न्यावें. त्यांनीं प्रयोगशाळा पाहाव्या, यंत्रें पाहावीं, आणि तेथें शिकत असलेल्या मुलींशीं बोलावें. डोळ्यांनीं एकदां पाहिलें म्हणजे शंभर लेखांचें काम होतें. दुसरें असें कीं, संघाच्या शिल्लक नफ्यांतून थोडी रक्कम बाजूस काढून सभासदांच्या मुलींस खानावळीपुरतें बिनव्याजी कर्ज द्यावें. खत व बियाण्यासाठीं आपण उधारी देतों, तिचें पीक चार महिन्यांनीं येतें. हें पीक चार वर्षांनीं येईल, एवढाच फरक.

पुण्यास १८४८ सालीं सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनीं मुलींसाठीं शाळा काढली, तेव्हां मुलीनें अक्षर गिरवावें हेंच लोकांस विपरीत वाटत होतें. आज कोणताही शेतकरी आपल्या मुलीस निरक्षर ठेवण्याचें मनांतही आणीत नाहीं. आज जें यंत्रविद्येविषयीं आपणांस विपरीत वाटतें, तेंही उद्यां तसेंच नित्याचें होईल. फक्त मधल्या काळांत आपल्या घरची मुलगी मागें राहूं नये.

असो. लेख लांबला, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. निकालाचे दिवस दूर नाहींत. ज्या सभासदांची मुलगी यंदा दहावीस असेल, त्यांनीं हा अंक बाजूस ठेवून आज संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं तिला एवढें विचारावें कीं, “बाळ, पुढें काय शिकावयाचें तुझ्या मनांत आहे?” आणि तिचें उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. हा प्रश्न मीं माझ्या थोरलीस त्या वर्षीं विचारला नाहीं. ती काय म्हणाली असती, तें मला आतां कळणार नाहीं. तुमच्यावर ती पाळी येऊं नये, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.